माम्वाणि सिंधी नव्हता: नावाचा अर्थ, नावाचा प्रवास आणि संशोधक



अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखात एका राजाचं नाव आहे: माम्वाणि. हे नाव उल्हासनगरमध्ये कुणाला नुसतं वाचून दाखवा. वासवानी, लालवानी, मोटवानी ही नावं रोज कानावर पडणारा माणूस पटकन म्हणेल, "सिंधी आडनाव दिसतंय." ऐकायला तसंच वाटतं. पण शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा आहे. सिंधी कुटुंबं या भागात वसली ती फाळणीनंतर. मधे जवळजवळ नऊशे वर्षं जातात. माम्वाणि हा उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातला राजा, आणि हे त्याचं आडनाव नाही; त्याचं स्वतःचं नाव आहे.

हा अंदाज हसून सोडून देण्यासारखा नाही. नावाचं शेपूट बघून माणसाचा धर्म, जात, भाषा ठरवणारे प्रोग्राम आज समाजशास्त्रात, अर्थशास्त्रात, आरोग्याच्या अभ्यासातही वापरले जातात. हजारो नावांची यादी आत घातली की दुसऱ्या बाजूने समाजांची वर्गवारी बाहेर पडते. अशा प्रोग्रामला माम्वाणि दिला तर तोही उल्हासनगरच्या त्या माणसासारखंच उत्तर देईल. तुमच्यापैकी कुणी उद्या अशी यादी हाताळणार असेल, जुनी दफ्तरं वाचणार असेल, किंवा आपल्याच घराण्याची वंशावळ लावणार असेल, तर नाव हा पुरावा कसा वापरायचा हे आधी शिकून घ्यायला हवं. आजचा लेख त्यासाठी.

एका प्रश्नात लपलेले तीन प्रश्न

'या नावाचा अर्थ काय?' हा प्रश्न साधा वाटतो. बाळाच्या नावांची पुस्तकं स्टेशनबाहेरच्या स्टॉलवर मिळतात, इंटरनेटवर तर याद्यांचा पूरच आहे. मराठी नावं, गुजराती नावं, अगदी 'स्कॉटिश नावं आणि त्यांचे अर्थ'सुद्धा. प्रत्येक नावापुढे एक शब्द. अमुक म्हणजे शूर, तमुक म्हणजे मोती. विषय संपला.

संशोधकाला मात्र इथे तीन वेगळे प्रश्न दिसायला हवेत.

पहिला: ज्या शब्दापासून नाव तयार झालं त्या शब्दाचा अर्थ काय? दुसरा: ते नाव कोणत्या भाषेतून, कोणाच्या हातून, कधी इथे पोचलं? तिसरा: या घरात, या मुलाला ते का ठेवलं? पहिल्याचं उत्तर कोशात मिळतं. दुसऱ्याचं मिळतं जुन्या लेखांत. तिसऱ्याचं उत्तर त्या घराच्या रीतीभातीत असतं. तिन्हींची उत्तरं एकमेकांशी जुळतीलच असं नाही. याद्यांची गडबड होते ती इथेच: त्या पहिल्याचं उत्तर देतात आणि वाचणारा ते तिन्हींचं समजून बसतो.

कल्याण–कर्जत मार्गावरची उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही लागोपाठची तीन गावं हा धडा शिकायला फार सोयीची आहेत. सोबतीला स्कॉटलंड घेऊ. एक तर तिथल्या नावांच्या याद्या सगळ्यांना ठाऊक असतात, आणि दुसरं म्हणजे माम्वाणिच्या अगदी समकालीन अशा दोन स्कॉटिश राजांची नावं तुम्ही नक्की ऐकलेली आहेत.

नावाने पकडलेली दोनशे वर्षं

आधी माम्वाणिकडेच जाऊ. हा लेख पहिल्यांदा वाचला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. त्यांना शक ७८२ असा लागला, म्हणजे इसवी सन ८६०. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तोच आकडा ९८२ असा वाचला आणि आज तोच मान्य आहे. झिजलेल्या दगडावरचा एक अंक, पण त्याच्यामुळे मंदिराचं वय दोनशे वर्षांनी बदलतं.

आता तुम्ही विचाराल, झिजलेल्या दगडावर ७ आहे की ९ हे ठरवायचं कसं? डोळे ताणून बघणं हा एक मार्ग. दुसरा मार्ग जास्त भरवशाचा आहे: लेखातली नावं दुसऱ्या, स्वतंत्र पुराव्याशी ताडून पाहायची. अंबरनाथच्या लेखात माम्वाणिबरोबर छित्तराज हे नावही येतं. छित्तराजाचा भांडुपला सापडलेला ताम्रपट शके ९४८ चा, म्हणजे १०२६ चा आहे. मंदिराचं काम छित्तराजाच्या काळात सुरू होऊन माम्वाणिच्या काळात पुरं झालं असं सहसा मानतात. छित्तराज १०२६ मध्ये दानपत्र देत असेल, तर ८६० च्या लेखात त्याचं नाव येईलच कसं?

उलट बाजूनेही तपासता येतं. बोरिवलीजवळच्या कान्हेरीच्या लेण्यांत शिलाहारांचे लेख आहेत. शके ७७५ आणि शके ७९९ या दोन्ही लेखांत राजा आहे कपर्दी, त्या नावाचा दुसरा. शके ७८२ नेमकं या दोन तारखांच्या मधे पडतं. म्हणजे त्या वर्षी गादीवर माम्वाणिला जागाच नाही. विज्ञानात आपण एकच मोजमाप दोन वेगवेगळ्या उपकरणांनी घेतो, तसंच हे. अंक एक उपकरण, नावं दुसरं. दोन्ही जुळली तेव्हाच आकडा पक्का.

अजून एक गोष्ट लक्षात घ्या. ताम्रपटांत हाच राजा 'मुम्मुणि' असा येतो. अंबरनाथला माम्वाणि, तिकडे मुम्मुणि. कुणी दोघांना वेगळे राजे धरले, तर वंशावळीत एक माणूस वाढतो. नाव पुरावा आहे खरं, पण एकाच माणसाचं नाव दोन ठिकाणी एकसारखं लिहिलेलं असेल ही अपेक्षा ठेवायची नाही. जो तो लेखक आपल्या कानाला जसं ऐकू आलं तसं लिहितो. आजही आधार कार्डावर आणि दहावीच्या दाखल्यावर नावाचं स्पेलिंग जुळत नाही म्हणून माणसं रांगेत उभी असतातच की!

दिसतं 'मॅक', पण मॅक नव्हे

माम्वाणि उत्तर कोकणात होता त्याच सुमाराला, १०४० ते १०५७ या काळात, स्कॉटलंडच्या गादीवर मॅकबेथ होता. हो, शेक्सपिअरच्या नाटकातला तोच. त्याच्यानंतर थोड्याच काळात, १०५८ मध्ये, तिसरा माल्कम आला आणि त्याने १०९३ पर्यंत राज्य केलं.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाची जुनी भाषा गेलिक. तिच्यात 'मॅक' म्हणजे मुलगा. मॅकडोनाल्ड म्हणजे डोनाल्डचा मुलगा, पुढे डोनाल्डचा वंशज. मग मॅकबेथ म्हणजे बेथचा मुलगा? तसं नाही. मॅकबेथच्या बापाचं नाव बेथ नव्हतं. त्या नावाचा शब्दशः अर्थ 'जीवनाचा पुत्र', भावार्थ धार्मिक वृत्तीचा, पुण्यवान माणूस. ते आडनाव नाही, बापाचं नावही त्यात नाही; ते त्याचं स्वतःचं नाव आहे. म्हणजे माम्वाणि जसा आपल्याला सिंधी आडनावासारखा वाटतो, तसाच मॅकबेथ स्कॉटिश आडनावासारखा वाटतो. दोघंही दिसण्यावरून फसवतात.

माल्कमची गोष्ट वेगळी. बऱ्याच याद्यांत माल्कमपुढे 'कबूतर' असं लिहिलेलं सापडेल. पूर्ण चूक म्हणता येत नाही, पण अर्धंच खरं आहे. आयर्लंडहून आलेल्या कोलंबा नावाच्या संताने ५६३ मध्ये आयोना बेटावर मठ स्थापन केला. लॅटिनमध्ये 'कोलंबा' म्हणजे पारवा, कबूतर. माल्कमच्या नावातला पहिला भाग गेलिक 'मेल', म्हणजे मुंडन केलेला, त्यावरून भक्त. तेव्हा माल्कम म्हणजे 'कोलंबाचा भक्त'. आपल्याकडचा रामदास किंवा शिवदास समजा. रामदास या नावाचा अर्थ कुणी नुसता 'आनंद देणारा' असा सांगितला, कारण 'राम' शब्दाची व्युत्पत्ती तशी आहे, तर तुम्ही म्हणाल, अहो, ते रामाचं झालं, रामदासाचं काय? तीच गत इथे.

आणि हेच नाव आपल्या सह्याद्रीतही पोचलं. सर जॉन माल्कम १८२७ ते १८३० मुंबईचा गव्हर्नर होता, मूळचा स्कॉटलंडचा. त्याच्या नावावरून महाबळेश्वरच्या वस्तीला माल्कमपेठ म्हणत. प्रवास बघा: एका संताच्या भक्ताचं नाव, मग राजाचं नाव, मग घराण्याचं आडनाव, मग साहेबाचं आडनाव, आणि शेवटी घाटावरच्या एका पेठेचं नाव. माल्कमपेठेतल्या दुकानदाराला आयोनाच्या मठाशी काय देणंघेणं? शब्दाचा अर्थ आणि नावाचा प्रवास वेगळे धरायचे ते यासाठी.

पूर्वजाला पाठीवर घेऊन चालणारं नाव

आता उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धातली कल्याण कॅम्पची लष्करी छावणी, फाळणीनंतर तिथे वसवलेले सिंधी निर्वासित, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते झालेला पायाभरणीचा समारंभ. उल्हास नदीवरून गावाला नाव मिळालं. लोक अजूनही पत्ता सांगताना एक ते पाच नंबरचे कॅम्पच सांगतात. या कॅम्पांत हजारो कुटुंबं घर, जमीन, दुकान सगळं सिंधमध्ये सोडून आली. नाव मात्र बरोबर आलं.

सिंधी आडनावातला शेवटचा 'आणी' हा वंशज दाखवणारा प्रत्यय आहे. सिंधीत तो ण घालूनच उच्चारतात. हिंदी-इंग्रजीच्या वाटेने तो 'आनी' झाला. रामचंद नावाच्या पूर्वजाचे वंशज रामचंदानी. खूबचंदचे खूबचंदानी, हिरानंदचे हिरानंदानी, जेठमलचे जेठमलानी. म्हणजे मॅक जे काम नावाच्या पुढे लागून करतो, तेच 'आणी' मागे लागून करतो. स्कॉटलंडच्या सखल भागात इंग्रजीच्या जवळची बोली असल्याने तिथे हेच काम 'सन' करतो. मुंबईच्या विल्सन कॉलेजचे जॉन विल्सन १८२९ मध्ये स्कॉटलंडहून मुंबईत आले. विल्सन म्हणजे विलचा, विल्यमचा मुलगा. रचना तीच, भाषा तीन.

जुन्या पद्धतीचं एक पूर्ण सिंधी नाव घेऊ: जीवतराम भगवानदास कृपलानी. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर काँग्रेसचे अध्यक्ष असलेले आचार्य कृपलानी. जीवतराम त्यांचं नाव, भगवानदास वडिलांचं, आणि कृपलानीत कुणा पूर्वजाचं 'कृपाल' हे नाव. एका ओळीत तीन व्यक्तिनावं! कधी आडनाव लावलंच जात नसे, स्वतःचं आणि वडिलांचं नाव एवढंच पुरे. पुढे बिहार आणि आसामचे राज्यपाल झालेले जयरामदास दौलतराम हे असंच नाव. मराठी माणूस यातल्या 'दौलतराम'ला आडनावाच्या रकान्यात टाकून मोकळा होतो. तसं केलं की मुलाच्या पिढीत 'आडनाव बदललं' असा खोटा निष्कर्ष निघतो. बदललं काहीच नाही, आपला रकाना चुकला.

मराठी पद्धतीत मधलं नाव वडिलांचं असतंच, पण आडनाव बऱ्याचदा गाव सांगतं. कर लावला की गाव कळलं. कधी ते हुद्दा सांगतं. पाटील तर उघडच आहे; ठाणे-रायगडात घरोघरी आढळणारा म्हात्रे हा जुन्या 'महत्तर'पासून, म्हणजे गावातल्या प्रमुख माणसाच्या पदावरून आला असं मानतात. तेव्हा अंबरनाथ किंवा बदलापूरच्या एका वर्गाचा हजेरीपट घेतला, तर कुणाचं आडनाव पूर्वज सांगतं, कुणाचं गाव, कुणाचा हुद्दा. एकच रकाना, पण त्यात तीन जातींची माहिती भरलेली. डेटाच्या भाषेत सांगायचं तर रकान्याचं नाव एक आहे म्हणून त्यातली राशी एक आहे असं समजू नका.

आणि हो, प्रत्येक 'आनी' सिंधी नाही. अंबानी, अदानी गुजराती आहेत. इराणी हे इराण या देशावरून आलेलं. भवानी आणि इंद्राणी यांत तर संस्कृतचा स्त्रीवाचक प्रत्यय आहे: भवाची म्हणजे शिवाची ती भवानी, इंद्राची ती इंद्राणी. कानाला एकच ध्वनी, उगम चार. पाचवा आपला माम्वाणि.

एका नावात किती भाषा?

मीरचंदानी घ्या. 'मीर' अरबी-फारसीतला, सरदार या अर्थाचा. 'चंद' संस्कृत चंद्रावरून. 'आणी' सिंधीचा. एका हिंदू आडनावात तीन भाषा गुण्यागोविंदाने नांदतात. दौलतराममधली 'दौलत' अरबी, राम आपला. सिंधमध्ये शतकानुशतकं दरबार, महसूल आणि व्यापार फारसीतून चालला. तिथले हिंदू दिवाण फारसी लिहीत-वाचत. भाषा घरात आली आणि पाळण्यापर्यंत पोचली. महाराष्ट्रातही तसंच: शहाजी, हैबतराव, गुलाबराव ही नावं ऐकताना ती फारसी-अरबी शब्दांवर उभी आहेत हे आपल्या मनातही येत नाही.

स्कॉटलंडमधलं याचं जोडीदार नाव आपल्या सगळ्यांच्या परिचयाचं आहे: मॅकॉले. १८३५ च्या शिक्षणविषयक टिपणामुळे ज्याचं नाव भारतात अजून निघतं तो. त्याचे वाडवडील स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांकडचे. नावातला मॅक गेलिक, पुढचा भाग 'ओलाफ'. ओलाफ हे नॉर्स नाव, म्हणजे समुद्रावरून आलेल्या व्हायकिंगांच्या भाषेतलं. त्या बेटांवर व्हायकिंग कित्येक पिढ्या राहिले, गेलिक माणसांत मिसळले, आणि 'ओलाफचा मुलगा' गेलिकमध्ये बोलू लागला. भारतीयांनी इंग्रजी शिकावं असा आग्रह धरणाऱ्या माणसाचं स्वतःचं आडनाव इंग्रजी नव्हतं. मीरचंदानी आणि मॅकॉले शेजारी ठेवून बघा, दोघांची घडण एकच दिसेल.

मुलांची नावं बदलली की समजावं, वारं फिरलं

आता तिसरा प्रश्न: नाव का ठेवलं? इथे एक सुटं नाव फारसं बोलत नाही. एका घरातली ओळीने सगळी नावं मांडली की बोलू लागतात.

तिसऱ्या माल्कमने इंग्लंडच्या जुन्या राजघराण्यातल्या मार्गारेटशी लग्न केलं. मार्गारेट हे नाव ग्रीकमधल्या 'मोती' या अर्थाच्या शब्दावरून आलेलं. त्यांच्या सहा मुलांची नावं: एडवर्ड, एडमंड, एथेलरेड, एडगर, अलेक्झांडर, डेव्हिड. बाप माल्कम, आजोबा डंकन, दोन्ही नावं गेलिक. सहा मुलांत गेलिक नाव एकही नाही. पहिली चार आईच्या माहेरची इंग्लिश, पाचवं ग्रीक, सहावं बायबलमधलं. एडगर, अलेक्झांडर आणि डेव्हिड हे तिघंही पुढे राजे झाले. स्कॉटलंडचा दरबार इंग्लंडकडे आणि युरोपच्या चर्चकडे कसा वळत गेला ते इतिहासकार पानंच्या पानं लिहून सांगतात. त्या घरातल्या बारशांतच त्याची चाहूल लागते. अलेक्झांडर नंतर इतका स्कॉटिश झाला की गेलिकमध्ये त्याचा अलास्टेर झाला. आपल्याकडे त्याच नावाचा सिकंदर झाला आणि तोही पाळण्यात जाऊन बसला.

शिलाहारांकडे बघा. उत्तर कोकणातल्या या घराण्याचा पहिला राजा कपर्दी. जटा धारण करणारा शिव, अस्सल संस्कृत नाव. त्यानंतर पुल्लशक्ती, वप्पुवन्न, झंझ, गोग्गी, वज्जड अशी नावं येतात. वप्पुवन्नच्या शेवटचा 'अन्न' कानडी 'अण्णा'ची आठवण करून देतो. या घराण्याच्या बिरुदांतही कानडी शब्द सापडतात. वज्जडमधला 'वज्ज' हे संस्कृत वज्राचं प्राकृत रूप. अकराव्या शतकाच्या शेवटापासून चित्र पालटतं: अनंतदेव, अपरादित्य, हरिपाल, मल्लिकार्जुन, सोमेश्वर. सगळी संस्कृत, बरीचशी देवांची.

पण सावकाश! यावरून 'आधी देशी, नंतर संस्कृत' असा सरळ नियम काढू नका. कपर्दी सगळ्यात आधीचा आहे. आणि छित्तराज, नागार्जुन, मुम्मुणि हे तिघे सख्खे भाऊ. एका बापाच्या तीन मुलांत मधला नागार्जुन चोख संस्कृत, बाकी दोघं नाहीत. कल लांबच्या पल्ल्यावर दिसतो, एका बिंदूवरून काढता येत नाही. आलेख काढणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

नाव ठेवण्याचं एक कारण तर अर्थाशी अजिबातच संबंधित नसतं: आजोबा. पहिल्या कपर्दीचा मुलगा पुल्लशक्ती, त्याचा मुलगा दुसरा कपर्दी. पहिल्या वज्जडाचा मुलगा अपराजित, त्याचा मुलगा दुसरा वज्जड. नातवाला आजोबांचं नाव. स्कॉटलंडमध्येही पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचं नाव देण्याची रीत घराघरांत होती. आपल्याकडच्या कित्येक घरांत अजून आहे. दुसऱ्या वज्जडाच्या बारशाला कुणाच्या मनात वज्र नसेल, आजोबा असतील. संशोधकाला यातून एक धोकाही मिळतो: लेखात नुसतं 'कपर्दी' आलं तर कोणता? अशा वेळी शकाचा आकडा नावाला सावरतो. मघाशी नावाने आकड्याला सावरलं होतं, इथे उलट.

आणखी एक मासलेवाईक उदाहरण. राजा पहिला अपरादित्य याने याज्ञवल्क्यस्मृतीवर टीका लिहिली. ती 'अपरार्क' या नावाने प्रसिद्ध आहे. आदित्य म्हणजे सूर्य, अर्क म्हणजेही सूर्य. संस्कृत लिहिणारे नावातला शब्द काढून त्याच अर्थाचा दुसरा घालत. इथे अर्थ माहीत असेल तरच माणूस ओळखता येतो. तेव्हा कोशही लागतोच.

गोड गोष्टींपासून सावध

माणसाला अर्थ नसलेलं नाव सहन होत नाही. अर्थ सापडला नाही तर तो गोष्ट रचतो. शिलाहार हेच नाव घ्या. जीमूतवाहनाने नागाला वाचवण्यासाठी शिळेवर बसून स्वतःला गरुडाचा आहार म्हणून दिलं, आणि हे घराणं त्याच्या वंशातलं, म्हणून 'शिला-आहार', शिलाहार. सुंदर कथा आहे. पण लेखांत हेच नाव सिलार, शैलाहार, श्रीलार अशा रूपांतही येतं. जुन्या बोलीतल्या नावाला मागाहून संस्कृत कपडे चढवले आणि मग त्या कपड्यांना शोभेल अशी कथा जुळवली, असं मानायला ही रूपं जागा देतात.

बदलापूरची गोष्ट तर तुम्हाला पाठ असेल: शिवकाळात इथे घोडे बदलत, म्हणून बदलापूर. खरी की खोटी यावर वाद घालण्यापेक्षा ती तपासता येईल अशी मांडा. 'बदल' हा शब्द मूळ अरबी, मराठीत फारसीबरोबर रुळला. गोष्ट खरी असेल तर हे गावनाव त्यानंतरचं असायला हवं. त्याच्या आधीच्या एखाद्या लेखात हेच नाव मिळालं, तर घोडे बाजूला ठेवावे लागतील. शिवाय उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यातही एक बदलापूर आहे. तिथल्या नावाचाही विचार करावा लागेल. कोणता पुरावा मिळाला तर माझं म्हणणं पडेल, हे आधीच सांगता येतं तेव्हाच ते संशोधन. तीन गावांत नावाची तारीख वारासकट सांगता येते ती एकट्या उल्हासनगरची.

जी नावं पुसली गेली

वर जेवढी नावं आली ती मोजा. मार्गारेट सोडली तर सगळे पुरुष. हे मी निवडलं म्हणून झालेलं नाही. राजवंशावळी बापाकडून मुलाकडे जातात. मॅक आणि 'आणी' दोन्ही पुरुष पूर्वजाचं नाव सांगतात. आपल्याकडे तर लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने मुलीचं नवं नाव लिहायचं, म्हणजे आडनावाबरोबर स्वतःचं नावही जायचं. सिंधी घरांतही नव्या सुनेला नवं नाव देण्याची रीत होती. माहेरच्या कागदावर एक बाई, सासरच्या कागदावर दुसरी. जन्माची नोंद आणि मृत्यूची नोंद एकाच बाईची आहे हे सिद्ध करणारा दुवाच उरत नाही.

स्कॉटलंडच्या जुन्या चर्चच्या नोंदवह्यांत आणि थडग्यांवर विवाहित बाईचं माहेरचं आडनाव लिहिलेलं आढळतं. त्यामुळे तिथे आजीची आई, तिची आई अशी वाट मागे मागे शोधत जाता येते. आपल्याकडे ही वाट दोन-तीन पिढ्यांतच बंद होते. तुमच्या नमुन्यात बायका 'सापडल्या नाहीत' असं लिहिण्याआधी विचारा: त्या नव्हत्या, की त्यांची नावं बदलली होती? हा फरक निष्कर्ष उलटा करू शकतो. आणि हे काम फार काळ पुढे ढकलता येण्यासारखं नाही. माहेरचं नाव ज्यांना आठवतं त्या आज्या आत्ता आहेत.

हाताशी ठेवायची चार कामं

कुठलंही नाव समोर आलं की हे करा.

सगळ्यात जुनं लिखित रूप शोधा, तारखेसकट. आजच्या रूपावरून व्युत्पत्ती काढणं म्हणजे नातवाचा फोटो बघून पणजोबांचं नाक सांगणं.

नावाचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याची भाषा वेगळी तपासा. शेवटचा तुकडा ओळखीचा वाटला म्हणून पूर्ण नाव ओळखलं असं धरू नका.

नाव एकटं वाचू नका. भावंडं, बाप, आजोबा यांच्या रांगेत ठेवा.

आणि त्याच काळातला दुसरा कागद शोधा. अंबरनाथच्या लेखाच्या वर्षीच, शके ९८२ मध्ये, रायगड जिल्ह्यातल्या दिवेआगरला एक मराठी ताम्रपट कोरला गेला. त्यात राजे नाहीत, गावातली साधी माणसं आहेत, आणि घैसास हे आज आपल्या ओळखीचं आडनावही आहे. राजाचा दगड आणि गावकऱ्यांचं तांब्याचं पान शेजारी ठेवले, की त्या एका वर्षातलं कोकण वरपासून खालपर्यंत ऐकू येतं.

या आठवड्यासाठी एक काम देतो. घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला तिचं लग्नाआधीचं पूर्ण नाव विचारा, तिच्या आईचंही विचारा. कोणी ठेवलं, का ठेवलं, लग्नात काय झालं, ते तिच्याच शब्दांत तारीख घालून वहीत लिहा. अर्थ कोशात नंतरही बघता येईल.